एक तुकडी, तीन तापमाने



'तुकडी' म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर नववी 'अ' आणि नववी 'ब' उभी राहणार. पण आज आपण ज्या तुकडीविषयी बोलणार आहोत ती शाळेतली नव्हे, तव्यावरची आहे. गिरगावातल्या चिराबाजारात किंवा लालबागच्या बाजारात कोळीण सुरमई आडवी धरते आणि कोयत्याने तिचे गोल काप करते. मधोमध मणका असलेला असा एक काप म्हणजे एक तुकडी. पाश्चात्त्य देशांत मांसाच्या किंवा मोठ्या माशाच्या अशाच जाड कापाला 'स्टेक' म्हणतात. तो कडक आचेवर भाजायचा आणि पानात वाढताना त्यावर लसूण-कोथिंबीर घातलेल्या लोण्याची एक चकती ठेवायची, ही तिकडची आवडती रीत. आपल्या घरी सुरमईच्या तुकडीवर हा प्रयोग उत्तम साधतो.

साधतो खरा, पण नेहमीच साधतो का? कधी तुकडी बाहेरून करपते आणि मणक्यापाशी कच्ची राहते. कधी ती आतून कापसासारखी कोरडी होते. कधी तिला रंगच येत नाही. ती तव्यावर भाजण्याऐवजी उकडते. सुरमई काही स्वस्त मासा नाही, त्यामुळे बिघडलेली तुकडी सगळ्यांच्याच जिवाला लागते. मग दोष कुणाचा? मसाल्याचा? माशाचा? बहुतेक वेळा दोष असतो तापमानाचा. चांगल्या भाजलेल्या तुकडीला एकाच वेळी तीन निरनिराळी तापमाने लागतात. आतले एक, पृष्ठभागाचे दुसरे आणि वरच्या लोण्याचे तिसरे. ही तीन तापमाने एकमेकांपासून वेगळी ठेवणे एवढेच या पाककृतीचे रहस्य आहे. आणि ते तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील 'उष्णता' या धड्यात दडलेले आहे.

आत साठ, बाहेर दीडशे

प्रथम तुकडीच्या आत डोकावू. माशाच्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि उरलेल्यात मुख्यतः प्रथिने. प्रथिनांचे रेणू म्हणजे गुंडाळून ठेवलेले लांब धागे समजा. सुमारे 40 अंश सेल्सियसपासून हे धागे उलगडू लागतात आणि एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे बनते. 60 अंशांच्या आसपास काचेसारखे दिसणारे मांस पांढरे, अपारदर्शक होते आणि त्याच्या पाकळ्या सुटू लागतात. हीच शिजलेली तुकडी. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन माशासाठी 63 अंशांची शिफारस करते. तापमान 70 अंशांच्या पलीकडे गेले की हे जाळे आवळत जाते आणि ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर ढकलते. मग तुकडी कोरडी पडते.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात यावा. मटण शिजायला तासभर लागतो, मासा मात्र काही मिनिटांत होतो, हे कसे? याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. बकऱ्याला आपले वजन पायांवर पेलून डोंगर चढावे लागतात. त्यासाठी त्याच्या स्नायूंना चिवट तंतूंनी घट्ट बांधलेले असते. माशाचे वजन पाण्याचे उत्प्लावक बल पेलते. त्यामुळे त्याच्या मांसात चिवट तंतू थोडे असतात आणि जे असतात तेही कमी तापमानाला विरघळतात.

आता पृष्ठभागाकडे वळू. आपल्याला हवा असतो तो खमंग तपकिरी रंग आणि वास. तो 60 अंशांना येत नाही, 100 अंशांनाही जवळजवळ येत नाही. त्यासाठी सुमारे 140 अंश आणि त्याहून अधिक तापमान लागते. त्या तापमानाला प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात भराभर अभिक्रिया होतात व शेकडो नवी सुवासिक संयुगे तयार होतात. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली या अभिक्रियेचे वर्णन केले. म्हणून तिला 'मेयार अभिक्रिया' म्हणतात. लालबागच्या मसाला गल्लीतून जाताना धने, खोबरे भाजल्याचा जो वास येतो, पावाच्या कवचाला जो रंग असतो, त्यात याच अभिक्रियेचा मोठा वाटा असतो.

म्हणजे आपली अडचण अशी: बाहेर 150, पण आत 60. आणि या दोहोंमधले अंतर अवघे एक सेंटिमीटर!

पाण्याचा पहारा

हे अंतर राखायला निसर्ग आपल्याला मदत करतो, आणि अडवतोही. दोन्ही कामे एकच पदार्थ करतो: पाणी.

समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळते आणि ते उकळून संपेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही, हे तुम्ही शिकला आहात. तुकडीचा पृष्ठभाग ओला असेल तोपर्यंत तोही 100 अंशांवरच अडकून राहतो. मग तव्याखाली ज्योत कितीही मोठी करा. मेयार अभिक्रिया सुरू व्हायची नाही.

याची किंमत किती ते मोजू. तुकडीचे वजन 150 ग्रॅम धरा. माशाचा विशिष्ट उष्मा सुमारे 0.85. ती 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 150 × 0.85 × 35, म्हणजे सुमारे 4,460 कॅलरी उष्णता लागते. आता समजा, धुतलेली तुकडी तुम्ही न पुसताच तव्यावर टाकली आणि तिच्यावर फक्त चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम पाणी राहिले. ते 25 वरून 100 अंशांवर न्यायला 375 कॅलरी आणि त्याची वाफ करायला 5 × 540, म्हणजे 2,700 कॅलरी. एकूण 3,075. एवढेसे पाणी घालवायला अख्खी तुकडी शिजवायला लागणाऱ्या उष्णतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक उष्णता खर्च झाली! म्हणून तुकडी स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायची. आपल्याकडे मसाला लावलेली तुकडी रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात त्यामागेही हेच आहे. कोरडे पीठ पृष्ठभागावरचे पाणी शोषते, आणि पिठाचा तो पातळ थर लवकर वाळून चटकन रंग धरतो.

येथेच एक जुना गैरसमज दूर करू. 'कडक आचेवर भाजले की वर कवच बनते आणि आतला रस कोंडला जातो', असे अनेक जण सांगतात. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1847 साली असे मत मांडले आणि ते जगभर पसरले. पण तव्याजवळ कान द्या. तो 'चर्र' आवाज कशाचा? आतून येणाऱ्या पाण्याची क्षणोक्षणी वाफ होत असल्याचा. रस कोंडला गेला असता, तर कवच बनताच तवा मुका व्हायला हवा होता. कवच चवीसाठी असते, रस कोंडण्यासाठी नव्हे. रस टिकतो तो आतले तापमान मर्यादेत ठेवल्यानेच.

तवा कोणता आणि केवढा?

तव्यावरून तुकडीत उष्णता जाते ती मुख्यतः वहनाने. थंड तुकडी टाकताच तव्याचे तापमान खाली येते. किती खाली येईल, हे तव्याचे वस्तुमान आणि विशिष्ट उष्मा यांवर ठरते. दोन किलो वजनाचा बिडाचा तवा 200 अंशांवरून 150 अंशांवर येताना 2,000 × 0.11 × 50 = 11,000 कॅलरी देतो. अर्ध्या किलोचा ॲल्युमिनियमचा तवा तेवढेच अंश उतरताना 500 × 0.22 × 50 = 5,500 कॅलरी, म्हणजे बरोबर निम्म्या. ॲल्युमिनियमचा विशिष्ट उष्मा बिडाच्या दुप्पट असूनही येथे वजन जिंकते. म्हणून भाजण्यासाठी आजीचा जड बिडाचा तवा माळ्यावरून खाली काढा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. घाई म्हणून चार तुकड्या एकदम टाकल्या, तर तवा 140 अंशांच्या खाली घसरतो. सुटलेले पाणी उडून न जाता तव्यावर साचते आणि तुकड्या त्यात उकडतात. दोन-दोन तुकड्या भाजणाऱ्याचे काम चार टाकणाऱ्याच्या कामापेक्षा चांगले होते.

तवा तापला हे कसे ओळखावे? घावन घालण्यापूर्वी तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात, ते पाहिले असेल. तवा 100 अंशांच्या थोडा वर असला तर थेंब चुरचुरून लगेच नाहीसा होतो. पण तवा सुमारे 200 अंशांना पोहोचला की नवल घडते: थेंब गोळी होऊन तव्यावर नाचू लागतो आणि बराच वेळ टिकतो! थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. वाफ उष्णतेची दुर्वाहक, त्यामुळे थेंबाला आच कमी पोहोचते. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने 1756 साली या आविष्काराचे वर्णन केले. थेंब नाचू लागला की तवा तयार. मात्र ही परीक्षा कोरड्या तव्यावर, तेल घालण्यापूर्वी करायची. गरम तेलात पाणी पडले की तेल अंगावर उडते.

जाडीचा वर्ग

'मावशी, तुकड्या जाड करा' किंवा 'पातळ करा' असे आपण सहज सांगतो. पण या एका शब्दाने शिजण्याचा वेळ किती बदलतो ते पाहा.

समजा, 1 सेंटिमीटर जाडीच्या तुकडीचा मध्य शिजायला 3 मिनिटे लागतात. मग 2 सेंटिमीटरच्या तुकडीला किती? तुम्ही म्हणाल, 6. उत्तर आहे 12! कारण जाडी दुप्पट झाली की तेवढ्याच पृष्ठभागातून दुप्पट मांस तापवायचे असते. शिवाय उष्णतेला दुप्पट अंतर जायचे असते, म्हणून तिचा वेग निम्मा होतो. दोन गुणिले दोन म्हणजे चार. वेळ जाडीच्या नव्हे, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

हा नियम कळला की आचेचे तंत्र आपोआप कळते. पातळ तुकडीचे आतले काम लवकर संपते. म्हणून तिला आरंभापासून शेवटपर्यंत कडक आच, नाहीतर रंग येईपर्यंत ती आतून वाळेल. जाड तुकडीला आधी कडक आचेवर दोन्ही बाजूंना रंग आणायचा, मग आच मंद करून मध्यापर्यंत उष्णता पोहोचू द्यायची. एकाच कढईत जाड-पातळ तुकड्या एकत्र टाकल्या तर एकीचा तरी बळी जाणारच. बाजारात 'सगळ्या सारख्या करा' असे सांगणारी गृहिणी नकळत हा वर्गाचा नियमच पाळत असते.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना हे ज्ञान रोजच्या कामातून मिळाले होते. परळ-लालबागच्या चाळींतील छोट्या खोल्यांत त्या गिरणी कामगारांसाठी रोज जेवण रांधत. 1975 साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने त्यांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना उभी राहिली. तव्याचा आवाज आणि मांसाचा बदलता रंग हीच अशा रांधणाऱ्यांची तापमापी. चर्र आवाज मंदावला म्हणजे पृष्ठभागाचे पाणी संपत आले, आता तापमान 100 च्या वर चढणार. या आवाजात खरोखरच एक भौतिक मापन आहे.

चौपाटीचा निखारा

आता तवा बाजूला ठेवून गिरगाव चौपाटीवर जाऊ. तेथे कणीसवाला निखाऱ्यांवर मक्याचे कणीस भाजतो. कणसाचा बराचसा भाग निखाऱ्याला टेकलेलाही नसतो, तरी दाणे तडतडतात. येथे उष्णता येते ती मुख्यतः प्रारणाने. जाळीवर भाजलेल्या स्टेकचेही तेच.

कणीसवाला अधूनमधून पंख्याने वारा घालतो. निखारा गडद लालचा नारिंगी होतो. समजा, त्याचे तापमान 700 अंशांवरून 900 अंशांवर गेले. प्रारण हे केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा स्टेफान-बोल्ट्झमन यांचा नियम. 700 अंश म्हणजे 973 केल्व्हिन आणि 900 अंश म्हणजे 1,173 केल्व्हिन. त्यांचे गुणोत्तर सुमारे 1.2 आणि त्याचा चौथा घात 2 पेक्षा थोडा अधिक. तापमान केवळ एक-पंचमांशाने वाढले, पण मिळणारी उष्णता दुपटीहून अधिक झाली! कणीसवाल्याचा हात पंख्यावर का खेळत असतो, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

मात्र एक इशारा. गच्चीवर मोकळ्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली कोळशाची शेगडी ठीक आहे; बंद खोलीत कधीही नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक घट्ट बांधला जातो आणि माणूस गुदमरतो, तेही गुदमरत असल्याची जाणीव न होता. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच समजू नका. घरात भाजायचे तर गॅसवरचा बिडाचा तवाच बरा, आणि तेव्हाही खिडकी उघडी असू द्या.

लोणी शेवटी का?

आता तिसरे तापमान. दादरच्या एखाद्या मराठी उपाहारगृहात थालीपीठ मागवा. ते भाजलेले असते तेलावर, पण लोण्याचा गोळा येतो पानात, थालीपिठासोबत. भाजतानाच लोणी का घालत नाहीत?

कारण लोणी हा एकजिनसी पदार्थ नाही. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात निदान 80 टक्के स्निग्धांश असतो, जास्तीत जास्त 16 टक्के पाणी आणि बाकी मीठ व दुधाचे घन पदार्थ. पाण्याचे सूक्ष्म थेंब स्निग्धांशात विखुरलेले असतात. लोणी 200 अंशांच्या तव्यावर टाकले तर आधी पाणी फसफसून उडते, मग दुधाचे घन पदार्थ पाहता पाहता तपकिरी होतात आणि काळे पडून कडवटतात. घरी लोणी कढवताना तुम्ही हेच पाहता. कडकड आवाज थांबला की पाणी संपले, तूप झाले. त्यानंतर भांडे चुलीवर ठेवले तर बेरी करपते. तुपात पाणी आणि घन पदार्थ राहत नाहीत, म्हणून ते लोण्यापेक्षा कितीतरी अधिक तापमान सोसते. तेव्हा भाजायला तेल किंवा तूप घ्या आणि लोणी शेवटी.

तुकडी तव्यावरून ताटलीत काढली की मिनिटाभरात तिचा पृष्ठभाग बराच निवतो. या वेळी तिच्यावर लोण्याची चकती ठेवा. बर्फ ठरावीक शून्य अंशाला वितळतो, पण लोणी अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्यामुळे त्याला एकच द्रवणांक नाही. ते हळूहळू मऊ होत जाते आणि सुमारे 35 अंशांपर्यंत पूर्ण वितळते. हे आपल्या तोंडाच्या तापमानाच्या अगदी जवळ आहे. म्हणूनच लोणी जिभेवर विरघळते. लसूण, कोथिंबीर, मिरची यांचे पुष्कळसे स्वाद पाण्यात फारसे विरघळत नाहीत, स्निग्धांशात सहज विरघळतात. आणि ते बाष्पनशील असतात. तापल्या तव्यावर ते क्षणात हवेत उडून जातील आणि वास शेजाऱ्यांना मिळेल, चव तुम्हाला नाही! कोमट तुकडीवर ते लोण्यातच राहतात.

असे लोणी करणे सोपे आहे. 50 ग्रॅम मऊ लोण्यात दोन ठेचलेल्या लसूण-पाकळ्या, चमचाभर बारीक चिरलेली कोथिंबीर, थोडी मिरची आणि लिंबाची किसलेली साल मिसळा. कागदात गुंडाळून त्याची सुरळी करा, फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या आणि लागतील तशा चकत्या कापा. हे लोणी बाहेर ठेवू नका आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कच्चा लसूण स्निग्ध पदार्थात उबदार जागी राहिला, तर हवेवाचून वाढणाऱ्या घातक जंतूंना आयते घर मिळते. लिंबू पिळायचे ते तुकडीवर पिळा. माशाचा उग्र वास ज्या अमाइन संयुगांमुळे येतो ती अल्कधर्मी असतात. आम्लाशी त्यांचे क्षार बनतात, आणि क्षार हवेत उडत नसल्याने वास मावळतो.

आच सर्व काही सुधारत नाही

सुरमई, बांगडा, कुपा हे एकाच कुळातले मासे. ते उबदार हवेत पडून राहिले तर जंतू त्यांच्यातील हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन बनवतात. ते पोटात गेले की चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. तव्यावर जंतू मरतात, पण आधीच तयार झालेले हिस्टामिन टिकून राहते. म्हणून मासा बाजारातून बर्फासह आणा, थेट फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी करा. या साखळीतले हे चौथे तापमान. ते चुकले तर पुढची तीन बरोबर असूनही उपयोग नाही.

करून पाहा

मासे न खाणाऱ्यांनाही वर्गाचा नियम तपासता येईल. एका मोठ्या बटाट्याचे 1 सेंटिमीटर आणि 2 सेंटिमीटर जाडीचे प्रत्येकी चार-पाच काप करा. सारे एकदम उकळत्या पाण्यात सोडा. दर दोन मिनिटांनी दोन्ही प्रकारचा एकेक काप चिमट्याने काढून मधोमध चिरा. कच्चा आणि शिजलेला भाग रंगावरून वेगळा ओळखता येतो. दोन्हींचा मध्य शिजायला लागलेले वेळ लिहून ठेवा आणि त्यांचे गुणोत्तर काढा. चाराच्या किती जवळ आले? आले नसेल तर का, याचा विचार करा. पाण्यातून उष्णता कापाच्या कडांनीही आत शिरते, हे विसरू नका. गरम पाण्याशी काम आहे, तेव्हा घरातले मोठे माणूस जवळ हवे.

आणि शेवटी एक प्रश्न वर्गात शिक्षकांसमोर मांडा. जाड तुकडी तव्यावरून काढून ठेवली, तरी तिच्या मध्याचे तापमान पुढची एक-दोन मिनिटे वाढतच राहते. पातळ तुकडीत ही वाढ जेमतेम जाणवते. असे का व्हावे? उत्तरासाठी लागणारे सारे काही या लेखात आले आहे.